कमी दाबलेला कॅमेरा

जावईबापूंनी जाहीर केलं की ते फोटोग्राफी फुकटात करून दाखवणार!

हे जाहीर केलं सासुरवाडीला, भर जेवणात, सगळी मंडळी ताटावर असताना. म्हणजे माघार घ्यायची सोय स्वतःच बंद करून टाकली. हिशेब सोपा होता. कॅमेरा घ्यायचा तो जुना. नवा कॅमेरा दुकानाची पायरी उतरला की त्याची किंमत उतरते. जुन्याची उतरायची तेवढी आधीच उतरलेली असते. वर्षभर वापरायचा, जिवापाड जपायचा आणि घेतला त्याच भावात दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. मधले फोटो फुकट. थोरले साडू भात कालवता कालवता म्हणाले, मोबाइलवर छान येतात की फोटो. जावईबापूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते भर मैफलीत शिंकले.

"मोबाइलचा फोटो म्हणजे फोटो नव्हे," जावईबापू म्हणाले.

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. जावईबापू ते विसरायला बघताहेत, पण घरचे विसरू देत नाहीत.

जावईबापू म्हणजे एका शिंप्याचे धाकटे जावई. त्यांना स्वतःचं नाव आहे, पण ते आता पगारपत्रकापुरतं उरलंय. बायकोसुद्धा चिडली की जावईबापू म्हणते. नोकरी पाणीपुरवठा कार्यालयात, मीटर विभागात. कोणाच्या घरचं मीटर किती पडलं हे बघण्यात दिवस जायचा. अशा माणसाला कुठल्याशा व्हिडिओत कोणीतरी सांगितलं, की जुना कॅमेरा घेताना तो आजवर किती वेळा दाबला गेलाय ते आधी बघा. तो आकडा कॅमेऱ्याच्या पोटात नोंदलेला असतो. झालं! कॅमेऱ्यालाही मीटर असतं हे कळल्यावर जावईबापूंना परमुलखात गाववाला भेटल्यासारखं झालं. भिंगाला बुरशी आहे का बघा, आत धूळ आहे का बघा, आणि घेतल्यावर भरपूर सराव करा, असंही तो व्हिडिओवाला घसा कोरडा करून सांगत होता. जावईबापूंच्या डोक्यात शिरलं ते फक्त मीटर.

मग शोध सुरू झाला. एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे गेले, तर त्याच्या कॅमेऱ्याचं मीटर ऐकून जावईबापू अर्धा चहा टाकून उठले. एका कॉलेजकुमाराने आकडा सांगायचंच टाळलं. शेवटी एक औषधांचे दुकानदार सापडले. त्यांनी कपाटातून मऊ फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा काढला, आणि त्याचं मीटर इतकं कमी निघालं की जावईबापूंना ते बंद पडलंय की काय अशी शंका आली. दुकानदार म्हणाले, जपला हो. वास्तविक हे सांगताना माणसाची छाती फुगायला हवी, पण यांचा चेहरा पडला. पैसे मोजून घेतले तरी कॅमेऱ्याचा पट्टा काही हातातून सुटेना.

"एक करा," ते म्हणाले. "दाबत जा."

जावईबापूंना वाटलं, औषधं विकणारा माणूस आहे, वस्तू दिली की ती कशी घ्यायची ते सांगायची सवय असणार.

घरी येऊन त्यांनी पहिला फोटो काढला तो स्वयंपाकघरातल्या नळाचा. कॅमेऱ्यात खटॅक असा भरदार आवाज झाला. जावईबापूंनी आकडा तपासला. एकाने वाढला होता! पुन्हा दाबला, पुन्हा वाढला. आता हा माणूस गळका नळ दिसला तर परक्याच्या घरात शिरून बंद करणारा. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच कॅमेऱ्याची किंमत अशी थेंबाथेंबाने गळायला लागली, तर त्याने करावं तरी काय?

त्याने जे केलं ते सांगायला मलाच लाज वाटते. पण सांगतो.

बायको नवी साडी नेसून खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, अहो, काढा ना एक. जावईबापूंनी कॅमेरा डोळ्याला लावला, एक डोळा मिटला, बोट बटणावर ठेवलं, आणि बोट न हलवता जीभ टाळूला लावून टॉक असा आवाज काढला. बायको खूश. मीटर जागच्या जागी. बघू कसा आलाय, असं तिने विचारलं तर जावईबापू गंभीरपणे म्हणाले, की खरा फोटोग्राफर फोटो लगेच बघत नाही, त्याने नजर बिघडते. त्या बिचारीने विश्वास ठेवला. तेव्हापासून जावईबापूंची फोटोग्राफी जोरात सुरू झाली. शेजारी, कार्यालयातले लोक, साहेब, साहेबांचं कुत्रं, सगळ्यांचे फोटो निघाले. जीभ इतकी तयार झाली की कॅमेऱ्यालाही तसा आवाज काढता आला नसता.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मग सासऱ्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं.

दुकान त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं. काकासासरे म्हणूया त्यांना. दोघांनी मिळून उघडलं होतं, आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाची एक बाही आखूड निघाली म्हणून दोघांचं फाटलं होतं. माप सासऱ्यांनी घेतलं होतं, कात्री काकांनी चालवली होती. चूक मापाची की कात्रीची, यावरून जे वाजलं ते असं, की काका दुसऱ्या गावी गेले ते गेलेच. लग्नकार्यालासुद्धा एकमेकांकडे पाठ करून जेवायचे. आता सासऱ्यांना सुईत दोरा ओवता येईना, म्हणून दुकानाचा शेवटचा दिवस ठरला. जुनी गिऱ्हाइकं येणार होती, सगळं घर जमणार होतं, आणि फोटोंची जबाबदारी अर्थातच जावईबापूंकडे.

त्या दिवशी जावईबापूंनी कमाल केली. सगळ्यांचे मोबाइल गोळा करून एका कापडी पिशवीत भरले आणि पिशवी खुंटीला टांगली. आज फक्त खरा फोटो, म्हणाले. साडूंचा नवाकोरा मोबाइलसुद्धा त्यांनी हातातून काढून घेतला. मनातलं गणित असं, की किरकोळ फोटो जिभेवर निभवायचे आणि खास प्रसंग आला की बोट चालवायचं. सकाळभर टॉक टॉक चाललं होतं. गिऱ्हाइकाला हार घालतानाचा टॉक. शिलाई मशीनशेजारी सासूबाई, टॉक. कात्री हातात घेतलेले सासरे, टॉक.

आणि दुपारी दारात काकासासरे उभे!

कोणी बोलावलं नव्हतं. आले, चपला काढल्या, आणि लाकडी बाकावर सासऱ्यांच्या शेजारी बसले. सासरे समोर बघत होते, काकाही समोरच. मग काकांनी हळूच मान वळवली, भावाच्या सदऱ्याची मुडपलेली कॉलर त्यांना दिसली, आणि शिंप्याला राहवेल कसं? त्यांनी दोन्ही हातांनी ती कॉलर सरळ करायला घेतली. सासऱ्यांचे डोळे भरून आले. जावईबापूंनी कॅमेरा डोळ्याला लावला. खास प्रसंग तो हाच, हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांचंही मन भरून आलं होतं हो, मी खोटं कशाला सांगू.

टॉक.

जिभेला सवय लागली होती, ती बोटाच्या आधी धावली. आणि आवाज झाला म्हटल्यावर बोटाला वाटलं, आपलं काम झालं.

संध्याकाळी जावईबापूंनी कॅमेऱ्यातलं कार्ड संगणकात घातलं. त्यात दोन नळ होते. तेवढेच. त्यांनी कार्ड काढून सदऱ्याला पुसलं, फुंकर मारून परत घातलं. दोन नळ.

खरं त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर भागलं असतं. पण सासऱ्यांचा फोन आला आणि जावईबापू बोलून गेले, की तो फोटो खास कागदावर छापायला टाकलाय. सासरे इतके हरखले की दुसऱ्याच दिवशी जाऊन चौकट घेऊन आले. दुकानातला बाक घरी आणला होता, त्याच्या वर भिंतीत खिळा ठोकून रिकामी चौकट टांगून ठेवली. तिकडे काका रोज भावाला फोन करू लागले. इतकी वर्षं ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ते रोज बोलायचे, आणि विषय एकच: फोटो आला का? जावईबापूंनी मग कागद संपल्याचं सांगितलं. मग छपाईयंत्र बिघडल्याचं. मग रंग नीट बसत नसल्याचं. सासुरवाडीला जायचं म्हटलं की कार्यालयाचं काम पुढे करायचे, आणि गेलेच तर चौकटीकडे पाठ करून बसायचे. रिकामी चौकट पाठीतही टोचते, हे त्यांना तेव्हा कळलं.

आणि मग व्हायचं तेच झालं. काकांना वाटलं, फोटो आलाय, पण दादा मुद्दाम देत नाही. सासऱ्यांना वाटलं, हा मला खोटारडा ठरवतोय. एका संध्याकाळी दोन्ही जावई बायकांसह सासुरवाडीला जमलेले असताना फोनवर दोघा भावांची जुंपली. फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू होता, त्यामुळे दोन्हीकडचं सगळ्यांना ऐकू येत होतं. बोलता बोलता सासरे म्हणाले, तुझा स्वभावच असा, त्या बाहीच्या वेळीसुद्धा...

बाही निघाली! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आता हे दोघं पुन्हा तुटणार, ते कायमचे, हे घरातल्या प्रत्येकाला दिसत होतं. जावईबापू उठून उभे राहिले.

"बाबा, फोटो नाहीये."

"म्हणजे? हरवला?"

"काढलाच नाही."

"असं कसं? मी तिथे बसलो होतो. आवाज आला मला."

"तो मी केला. तोंडाने." जावईबापूंचा आवाज बारीक होत गेला. "मीटर पडू नये म्हणून."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचा हात तिथेच थांबला. तिला खिडकीतली नवी साडी आठवली असणार. जावईबापूंची मान जी खाली गेली ती वर येईना. कार्यालयात त्यांना पुष्कळ बोलणी बसली होती, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. फोनमधून काका विचारत होते, काय म्हणतोय तो?

"आवाज तोंडाने काढला म्हणतोय," सासरे म्हणाले.

मग काका म्हणाले, "करून दाखव म्हणावं."

सगळं घर बघत होतं. जावईबापू फोनवर वाकले, आणि भरल्या डोळ्यांनी जीभ टाळूला लावली. टॉक.

"हाच," काका म्हणाले. "हाच आवाज होता."

साडू तोंडावर रुमाल धरून आतल्या खोलीत पळाले. पण सासरे हसले नाहीत. ते रिकाम्या चौकटीकडे बघत म्हणाले, "तो माझी कॉलर नीट करत होता. तेवढंच हवं होतं मला." जावईबापूंना वाटलं, त्यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्या तरी चाललं असतं.

तेवढ्यात फोनमधून काकांचा आवाज आला. "दादा, मी रविवारी येतो."

"कशाला?"

"तू कॉलर वाकडी घालून बस."

रविवारी काका आले. सासरे बाकावर बसले होते, कॉलर इतकी काळजीपूर्वक वाकडी केलेली, की इस्त्रीची घडी वाटावी. जावईबापूंनी कॅमेरा डोळ्याला लावला, तसा सासऱ्यांनी हात वर केला. म्हणाले, आवाज कुठून येतोय ते मला कळायला हवं. जावईबापू, जीभ बाहेर काढा.

जावईबापूंनी इकडे तिकडे पाहिलं. कोणीच सोडवायला येईना. शेवटी काढली जीभ बाहेर, अगदी डॉक्टरला दाखवतात तशी, आणि बटण दाबलं. खटॅक! काकांचा हात कॉलरवर होता, त्यांनी समोर पाहिलं मात्र, आणि फुटले. त्यांना हसताना बघून सासरे फुटले. दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होते, आणि जावईबापू जीभ बाहेर काढून दाबत होते, दाबत होते, मीटरचा विचारसुद्धा न करता. कॅमेऱ्याचं मीटर त्या एका दिवसात जेवढं पडलं, तेवढं औषधवाल्याच्या अख्ख्या काळात पडलं नसेल.

फोटो मात्र त्या दिवशी तिथल्या तिथे संगणकावर लावले. दुसरं काही सांगायची सोयच उरली नव्हती. पहिला लावला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकं स्वच्छ आलं होतं की तारखा वाचाव्यात. पुढे दोन भाऊ बसले होते ते नुसते दोन पुसट गोळे. दुसरा लावला. कॅलेंडर. तिसरा, चौथा, सगळे बघितले. सगळीकडे कॅलेंडर! कॅमेरा नेमका कुठे रोखायचा, हे दाबून दाबून शिकायचं असतं, आणि जावईबापूंनी सराव केला होता तो जिभेचा. औषधवाल्याचा पडलेला चेहरा त्यांना आत्ता कुठे नीट दिसला.

तेव्हा साडूंनी खाकरून खिशातून मोबाइल काढला. म्हणाले, मी आपला सहज एक काढून ठेवलाय.

तो फोटो आता त्या चौकटीत आहे. दोघं भाऊ पोट धरून हसताहेत, काकांचा हात कॉलरवर आहे, आणि उजव्या कडेला जावईबापू आहेत, कॅमेरा डोळ्याला, जीभ हनुवटीपर्यंत. जावईबापूंनी हात जोडून विनवलं, की बाबा, तेवढी कड कापून टाका. दोन्ही शिंपी चौकटीसमोर उभे राहिले. सासऱ्यांनी बोटाने माप घेतलं, काकांनी ते तपासलं, आणि कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं.

"नको," सासरे म्हणाले. "मागे एकदा कापायला गेलो होतो. आता जे आहे ते असू दे."

सासुरवाडीला कोणी पाहुणा आला की आधी चौकटीकडे बघतो, मग जावईबापूंकडे बघतो, आणि हमखास विचारतो, की फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढलाय, फार सुंदर आलाय हो. मोबाइलचा आहे, असं साडू सांगतात. जावईबापू कपबशा गोळा करून आत निघून जातात.