एल्डनने दाढी केली!

"उद्या खेळ खलास!" एल्डनने टेबलावर अशी मूठ आपटली की चारही कपांतली कॉफी बशीत आली. "आणखी एक मॅच, की सिरीज आमच्या खिशात! मादाम ओडील, बॅगा भरायला घ्या! तुमचं माँट्रियाल निघालं घरी!"

कापुस्कासिंग गावातल्या डोनटच्या दुकानात खिडकीपाशी टोरांटोवाल्यांचं टेबल होतं आणि त्याला पाठ लावून माँट्रियालवाल्यांचं. खरं तर ही दोन्ही शहरं गावापासून दिवसभराच्या वाटेवर. निम्म्या गावाने ती फक्त टीव्हीवर पाहिलेली. पण बर्फावरच्या हॉकीचे प्लेऑफ लागले, की भांडणं अशी, जणू जिंकणारी टीम रात्री यांच्याच घरी जेवायला येणार आहे! सातांतल्या चार मॅच जो आधी जिंकेल तो पुढे, आणि टोरांटोच्या तीन जिंकून झाल्या होत्या. माँट्रियालची कशीबशी एक. टोरांटोने शेवटचा कप उचलला तेव्हा एल्डन शाळेत होता; आता त्याचे गुडघे बदलायची वेळ आली होती. मग माणूस टेबलावर मूठ आपटणार नाही तर काय करणार?

"बॅगा भरूनच ठेवल्यात," ओडील शांतपणे म्हणाली. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई ती. तिचा आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचायचा. "सिरीज संपली की दुसऱ्या दिवशी निघाले. लेकीकडे, मंक्टनला. कायमची."

"तिकडे हॉकी कुणाबरोबर बघणार?" कुणीतरी विचारलं.

"कुणाबरोबर नाही. जावई गोल्फ बघतो."

"अरेरे!" दोन्ही टेबलं एकदम हळहळली. सिरीज सुरू झाल्यापासून त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

एल्डनने मात्र टेबलावरची मूठ हळूच खाली घेतली.

त्याची बायको मर्ना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ओडीलचा रेजी तीन हिवाळ्यांपूर्वी गेला, आणि घर खायला उठतं म्हणून ती रोज सकाळी दुकानात यायला लागली. आली ती भांडतच! एल्डन एक बोलला की ती दोन बोलायची. तेव्हापासून, तिच्याशी भांडण झालं नाही असा दिवस त्याला अळणी जेवणासारखा लागायचा. हिवाळाभर तो घरी आरशासमोर घोकायचा, 'मादाम, एकदा आमच्याकडे जेवायला या.' आणि दुकानात तिच्यासमोर गेला की तोंडातून निघायचं, 'मादाम, तुमचा गोलकीपर म्हणजे बिनदाराचं गोदाम आहे हो!' मग ती उसळायची, आणि जेवणाचं राहायचं ते राहायचंच.

आता ती चालली होती. आणि तिला घालवायची घाई कुणी चालवली होती? तर खुद्द त्याच्याच टीमने!

दुसऱ्या दिवशी पाचवी मॅच सुरू व्हायच्या आधी एल्डन न्हाणीघरात गेला आणि त्याने आतून कडी लावली. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी लावली. कारण तो जे करणार होता ते पाप होतं. प्लेऑफ लागले की आपली टीम बाहेर पडेपर्यंत दाढीला वस्तरा लावायचा नाही, हा टोरांटोवाल्यांचा कायदा. आणि मर्व्ह हा गिरणीतला जुना मुकादम म्हणजे त्या टेबलाचा पोलीस पाटील. मागे एकाने भाचीच्या लग्नासाठी नुसत्या मिशा कातरल्या, टोरांटो हरलं, तर मर्व्ह त्याच्याशी तीन वर्षं बोलला नाही. भाचीशीही नाही!

"एकच मॅच हरा, बाबांनो," एल्डन आरशाला म्हणाला. "एकच! पुढे सगळ्या जिंका." आणि त्याने गालाला फेस लावला.

टोरांटो ओव्हरटाइममध्ये हरलं. एल्डनच्या एका डोळ्यात आसू होते आणि दुसऱ्यात हसू. हनुवटीला हात गेला, तेव्हा मात्र दोन्ही डोळे पांढरे झाले. ही गुळगुळीत हनुवटी घेऊन सकाळी दुकानात जायचं कसं?

रस्त्याकडेला अजून बर्फाचे ढीग होते, त्यामुळे मफलर खपून गेला असता. पण दुकानात हीटर लावलेला, आणि एल्डन डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला!

"काय रे, बँक लुटायला निघालास?" मर्व्हने विचारलं.

"दाढ सुजलीय," एल्डन मफलरमधून पुटपुटला.

झालं! एकाने लवंग सुचवली, दुसऱ्याने रम. तिसरा म्हणाला, रमच, पण दाढेसाठी नाही, कालच्या मॅचसाठी. मर्व्हने जाहीर केलं, "माझा पुतण्या दातांचा डॉक्टर आहे. मी स्वतः नेतो तुला. मुळासकट काढू!"

"नको! आपोआप बरी होईल!"

"दाढ कधी आपोआप बरी झालीय? गप बस!"

एवढ्यात ओडील मागे वळली. एल्डनने मान खाली घातली. पाचवी मॅच जिंकून आलेली बाई आता काय काय ऐकवते, कोण जाणे. पण ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "फार ठणकतंय का हो?"

तीन वर्षांत पहिल्यांदा! ना टोमणा, ना गोलकीपर. त्या एका वाक्यासाठी एल्डनने अख्खी बत्तीशी काढून हातात दिली असती.

सहावी मॅचही टोरांटो हरलं. तीन-तीन! सकाळी दुकानात मर्व्हच्या डोळ्यांत रक्त उतरलं. "कुणीतरी कायदा मोडलाय," तो म्हणाला आणि एकेकाची दाढी ओढून तपासायला लागला. खऱ्या दाढ्या त्या, माणसं कळवळली! एल्डनपाशी येऊन तो थांबला. "तुझी सुखरूप आहे ना रे आत?"

"उबेत आहे," एल्डन म्हणाला.

त्याच दुपारी त्याच्या दारावर थाप पडली. बघतो तर ओडील, हातात पातेलं!

"वाटाण्याचं सूप आहे. चावायला नको, की काही नको. बाजूला व्हा, हात भाजतोय माझा."

ती आत आली. त्याच्या स्वयंपाकघरात! हिवाळाभर जे आमंत्रण तोंडातून निघालं नव्हतं ते न देताच पाहुणी आली होती, आणि सूपही तीच घेऊन आली होती. मर्नानंतर त्या टेबलावर दोन बशा मांडल्या गेल्या नव्हत्या. एल्डनला भरून आलं. ती समोर बसली आणि म्हणाली, "हं, घ्या."

एल्डनने चमचा मफलरखालून वर सरकवला. सूप मफलरला मिळालं. दुसरा चमचा कॉलरला मिळाला.

"सोडा ते फडकं!"

"नको, वारा लागतो."

"घरात कुठला वारा?" असं म्हणून तिने मफलरचं टोक धरलं आणि बसचा ब्रेक ओढावा तसं ओढलं.

सोललेल्या बटाट्यासारखी हनुवटी उघडी पडली.

"सूज कुठाय?" ओडील म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आणि दाढी कुठाय? सिरीज चालू असताना? अहो, माझा रेजी दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता, तरी त्याने नर्सला दाढीला हात लावू दिला नाही! आणि तुम्ही? धडधाकट माणूस, आपल्याच टीमला दगा देता? मी एका दगाबाजासाठी वाटाणे भिजत घातले!"

तेवढ्यात दार ढकलून मर्व्ह आत आला. "चल रे, पुतण्याने वेळ दिलीय," म्हणता म्हणता त्याचं लक्ष एल्डनच्या हनुवटीकडे गेलं. त्याने भिंतीला हात टेकला.

"तू?" तो म्हणाला. "तूच पनवती? अरे, का? काय बिघडवलं होतं टोरांटोने तुझं?"

"सिरीज संपली की त्या जाणार ना!" एल्डन ओरडला.

"कोण जाणार?"

एल्डनने नजर सुपात घातली. मर्व्हने त्याच्याकडे बघितलं, मग ओडीलकडे, मग दोन बशांकडे. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"माँट्रियालवाली?" तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "अख्ख्या गावात तुला माँट्रियालवालीच मिळाली?"

ओडीलचे कान लालबुंद झाले होते. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "गरम करून घ्या," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. एल्डन टेबलाशी बसून राहिला. तीन वर्षं मनात दाबलेलं एकदाचं बोलून झालं होतं, पण बोलला कुणाला, तर मर्व्हला!

सातवी मॅच टोरांटो हरलं. हे सांगायलाही नको.

सकाळी एल्डन दुकानात गेला तो मार खायच्या तयारीने. घरीच बसला असता, पण ती गेली की आहे, एवढं तरी बघायला हवं होतं. दारात तिची गाडी उभी होती, टपापर्यंत खोक्यांनी भरलेली. मागच्या काचेतून एक टेबललॅम्प बाहेर बघत होता. ते बघून एल्डनचे गुडघे आणखीच दुखायला लागले.

आत टोरांटोचं टेबल सुतकात बसलेलं. सगळ्यांच्या दाढ्या उतरल्या होत्या. खुंट वाढलेले होते ते एकट्या एल्डनचे! कुणी सरकून जागा दिली नाही. तो कप हातात घेऊन मधेच उभा राहिला. तेव्हा ओडीलने पायाने एक खुर्ची बाहेर ढकलली.

"बसा."

तो बसला. "गाडी भरलेली दिसली."

"भरलीय."

"कधी निघताय?"

"निघते कसली! आम्ही जिंकलोय ना? जिंकत्या टीमचं काही बदलायचं नसतं, एवढं कळत नाही? हीच खुर्ची, हीच कॉफी, भांडायला हाच माणूस. लेकीला फोन करून सांगितलं, माँट्रियाल बाहेर पडेपर्यंत मी इथून हलत नाही."

एल्डनने कप खाली ठेवला. "म्हणजे माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी? दगाबाजासाठी? टीमसाठी!" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आणि ते खुंट काढा. तुम्ही दाढी केलीत की आम्हाला लाभतं. संध्याकाळी पातेलं न्यायला येईन, तेव्हा बघते."

एल्डन हवेतून चालावं तसा घरी निघाला. गिरणीच्या फाटकापाशी आला आणि एकदम जमिनीवर उतरला. माँट्रियाल जिंकत राहिलं तर ती राहणार. म्हणजे आता माँट्रियालसाठी देव पाण्यात घालायला हवेत. घालू की! तिच्यासाठी तेही करू! पण मग त्याला आठवलं, की आपण जन्मभर ज्या टीमसाठी जीव टाकला तिचं काय झालं. त्याला दरदरून घाम फुटला.

पुढच्या फेरीत माँट्रियालची गाठ बोस्टनशी होती. दुसऱ्या दिवशी एल्डन दुकानात आला तो गुळगुळीत दाढी करून, आणि डोक्यावर बोस्टनची काळी-पिवळी टोपी घालून! दुकानातला आवाजच बंद झाला.

"बोस्टन?" ओडील उठून उभी राहिली. "त्या मेल्यांची टोपी? माझ्यासमोर?"

"बोस्टन जिंदाबाद!" एल्डन छाती काढून म्हणाला.

मर्व्हने न राहवून त्याला बाजूला ओढलं. "डोकं फिरलंय का तुझं? आत्ता कुठे ती तुला खुर्ची द्यायला लागली!"

"मर्व्ह," एल्डन त्याच्या कानाशी लागला, "मी ज्यांच्या पाठीशी उभा राहिलो, ते कधी जिंकलेत?"

मर्व्हने बोटांवर वर्षं मोजून पाहिली. मग त्याने गुपचूप एल्डनची टोपी नीट बसवून दिली आणि त्याला तिच्याशी भांडायला पाठवलं. त्या वसंतात एल्डनने बोस्टनवर जेवढं मनापासून प्रेम केलं, तेवढं खुद्द बोस्टनमध्येही कुणी केलं नसेल.