ओट्यावरचा जिल्हा

सोपानतात्यांच्या ओट्यावर पत्र्याची एक पाटी आहे: 'डोंगरी जिल्हा. मुख्यालय विंझर (तात्पुरते).' पुणे जिल्ह्यातले भोर आणि वेल्हे हे तालुके मिळून असा जिल्हा सरकारने केलेला नाही. तो तात्यांनी केला. एका सोमवारी सकाळी, रागाच्या भरात, हिरव्या ऑईलपेंटने.

त्या ओट्याला लागूनच माझं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून द्यायचं दुकान. त्यामुळे या जिल्ह्याचा पहिला नागरिक मी, आणि पहिल्या शिव्या खाणाराही मीच. तात्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. 'ए झेरॉक्स!' एवढीच हाक.

तात्या तीस वर्षं पुण्यात जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई होते. निवृत्त होऊन गावी आले ते चिडूनच. "पार डोंगरातल्या पासलीच्या माणसानं एका सहीसाठी पुण्याला जायचं? अर्धा दिस एसटीत, अर्धा दिस रांगंत, आन सायेब चहाला! असला कुठला जिल्हा? नोंद घ्या!"

'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली, नोंद घ्या. एसटी थांब्याच्या पुढे जाऊन थांबली, नोंद घ्या. समोरच्याच्या हातात कागद-पेन नाही याची त्यांना फिकीर नसे. सुरुवातीला मी हसायचो. पण माझ्याच दुकानात रोज तीच माणसं तोच अर्ज चौथ्यांदा भरायला येताना बघून मलाही राग यायला लागला. फरक एवढाच, की मी तो गिळायचो आणि तात्या ओट्यावरून ओकायचे.

पाटीपाठोपाठ 'जिल्हा परिचय' आला. "परतेक जिल्ह्याचा असतोय, आपलाबी पायजे," म्हणून त्यांनी शंभरपानी वही घेतली आणि लाल शाईने रकाने आखले. त्यातला मजकूर मी स्वतः वाचलेला आहे. प्रमुख पिके : भात, नाचणी. जोडधंदा : हेलपाटे. हवामान : थंड, एसटी चुकल्यास उष्ण. प्रेक्षणीय स्थळे : राजगड, तोरणा आणि जागेवर बसलेला साहेब (क्वचित). शेवटच्या पानावर जिल्ह्याचा एकमेव कायदा होता. 'या जिल्ह्यात कोणीही कोणाला उद्या या म्हणणार नाही.' त्याखाली दोनदा रेघ मारली होती. इतकी जोरात, की कागद फाटला होता.

एकदा भोरचे एक निवृत्त गुरुजी खास भांडायला आले. कापूरहोळला एसटी बदलून आले होते, म्हणजे राग बराच असणार. म्हणाले, "मुख्यालय भोरलाच हवं. आमच्याकडे संस्थान होतं. राजवाडा आहे."

"राजवाड्यात झेरॉक्स निघती का?" तात्या कडाडले. "हितं निघती. नोंद घ्या!"

गुरुजी दोन तास भांडले, तीन कप चहा प्यायले आणि जाताना परिचयातली नीरा नदीची माहिती दुरुस्त करून गेले.

आता माझा गुन्हा सांगतो. त्या पाटीचा फोटो काढून मी मोबाईलवर गावोगावच्या ग्रुपांवर टाकला. वर लिहिलं, 'अखेर जिल्हा आपल्या दारी!' लोक खूप हसले. पुढे दुकानात येणारे एकमेकांना सांगायला लागले, "जिल्ह्याला जाऊन येतो." गंमत होती, सगळ्यांना कळत होती. सगळ्यांना म्हणजे ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांना.

ठकूआजींकडे नव्हता. पासलीच्या वरच्या धनगरवाड्यात राहणारी ही बाई, वय ऐंशीच्या आसपास. एका गुरुवारी भर दुपारी त्या ओट्यापुढे उभ्या राहिल्या. डोक्यावर बोचकं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. पाटीला त्यांनी हात जोडले आणि कागद तात्यांपुढे धरला.

"सही द्या सायेब. उद्याच्याला शेवटची तारीक हाय म्हनं."

मी कागद वाचला. त्यांच्या नवऱ्याची जमीन धरणात गेली होती. बदल्यात घरापुरती जागा मिळणार होती, त्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीतली सही हवी होती. शुक्रवारपर्यंत. नाहीतर जागा गेली. आजी मंगळवारीच पुण्याला निघाल्या होत्या. तेवढ्यात वाडीतल्या कुणीतरी सांगितलं, कशाला लांब जाता, जिल्हा आता विंझरला आलाय. म्हणून त्यांनी दोन दिवस शेरडं राखली आणि निवांत आल्या.

तात्या तांबडेलाल झाले. "आगं, खोटा हाय ह्यो जिल्हा! खोटा! म्या रंगावलाय! तुला कुनी सांगितलं हितं मरायला?"

आजी घाबरून दोन पायऱ्या उतरल्या. "पाटी हाय की," एवढंच म्हणाल्या.

मग तात्या माझ्यावर घसरले. फोटोवरून, मोबाईलवरून, माझ्या सात पिढ्यांवरून. मी मान खाली घालून ऐकलं, कारण सगळं खरं होतं. पण म्हातारीवर असं वसकन ओरडलेलं मला सहन झालं नाही. मीही आवाज चढवला. "तात्या, पाटी कुणी लावली? उद्या तुम्ही जाल का त्यांच्याबरोबर पुण्याला?"

 निवृत्तीनंतर त्या कचेरीची पायरी चढायची नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. सगळ्या विंझरला ती माहीत होती. तात्या आत गेले, पाट आणून ओट्यावर टाकला आणि आजींना म्हणाले, "बसा मावशी. जेवा. उद्या सकाळी सा वाजताची एसटी."

शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. कचेरीच्या दाराशी स्टुलावर एक तरुण शिपाई बसला होता. मान वर न करता म्हणाला, "साहेब मीटिंगला. सोमवारी या."

माझं डोकं सणकलं. तात्यांच्या तोंडाचा पट्टा आता सुटणार, म्हणून मी आजींना लांब जिन्यापाशी बसवून आलो. परत येऊन बघतो तर तात्यांनी टोपी काढून हातात घेतलेली.

"लेकरा," ते हळू आवाजात म्हणाले, "सायेब आत हायेत. भायेर गेले की आपुन शिपाई आतला पंखा बंद करतो. पंख्याचा आवाज येतोय." शिपायाने पहिल्यांदा वर पाहिलं. "ह्याच दारावर तीस वर्सं बसलोय म्या. म्याबी हेच सांगायचो. सायेबानं सांगितलं म्हनून सांगायचो, न सांगताबी सांगायचो. माझ्याच डोंगरातली मानसं मागारी लावली म्या. त्यो जिना उतरताना दिसायची पाठमोरी. आता झोपलो तरी दिसत्यात. तू नगं रं असं करू."

पोरगा कागद घेऊन आत गेला. अर्ध्या तासात सही झाली आणि खालच्या मजल्यावर कागद जमाही झाला. तात्यांनी ना आभार मानले, ना राग काढला. ते नुसते स्टुलाकडे बघत उभे होते.

परतीच्या एसटीत आजी खिडकीशी, तात्या मध्ये, मी कडेला. पोच आजींनी पोलक्यात जपून ठेवली होती. खेड शिवापूर मागे पडल्यावर त्या बोलायला लागल्या.

"जमीन गेली तवा म्या तीनदा आलते ह्याच कचेरीत. मालक आजारी हुते म्हनून येकलीच. दारावर एक मुडदा बसायचा. लई वसवस. अंगावर यायचा नुसता. 'उद्या या.' उद्या म्हंजी काय, पुन्ना डोंगूर उतरायचा. तिसऱ्या बारीला तितंच बसून रडले, तर म्हनला हितं रडू नगा, सायेबाला आवाज जातुया. मंग म्या नादच सोडला. आजचं पोरगं गुनाचं हुतं." मग तात्यांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमीबी त्या कचेरीतच हुता म्हनं, वळकत असाल की त्याला. हाय का मेला त्यो?"

मी तात्यांकडे बघू शकलो नाही. समोरच्या सीटच्या दांड्यावर त्यांचा हात होता, तो घट्ट झालेला तेवढा दिसला.

"मेला, मावशी," तात्या म्हणाले.

"आरारा," आजी हळहळल्या. "तसं नव्हतं म्हनायचं मला. त्यालाबी कुनी असंलच की मागं."

त्यांनी बोचकं सोडलं, नाचणीची भाकरी काढली आणि अर्धी मोडून तात्यांच्या हातावर ठेवली. 'नोंद घ्या' ऐकायला माझे कान सवयीने टवकारले होते. पण तात्या नसरापूर फाटा येईपर्यंत ती भाकरी तशीच दोन्ही हातांत धरून बसले होते.