आठवी आरोळी

गाणं सुरू झालं की आवाज बारीक करायचा आणि संपलं की वाढवायचा, असा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी दिगंबरराव. जुन्या जालन्यात त्यांची आमची भिंत एक. तहसिलीत कागदांच्या नकला करून रिटायर झालेले, धोतर, टोपी, कपाळी गंध. आणि टेपवर काय, तर केस वाढवलेल्या विलायती बाप्यांचा धिंगाणा. पत्र्यावर कुणी खडी ओतून राह्यलंय असा. तो बारीक करून हे नुसता गाण्यामागून येणारा मैदानातल्या लोकांचा कल्ला ऐकायचे. मी काही विचारलं की बोट वर. "थांबा, आता लोक येतील."

कोण लोक? कशाला येतील? मला संशय आला.

मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं मापाडी. शाळा दुसरीपर्यंत. पण पोत्यात परखी खुपसून आतला दाणा बघितल्याशिवाय कुणाच्या शब्दावर गेलो न्हाई. एकाला लाभ म्हणायची आमची रीत; लाभ, दोन, तीन करत मी मोजलेली गाडी कुणी परत मोजत नसे. एका अडत्यानं एकदा मोजायला लावली. माझाच आकडा बराबर निघाला. त्याच्या दुकानात मी पुन्हा चहा घेतला न्हाई.

तर पेपर मागायच्या निमित्तानं घरात शिरलो. भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर टाचण्याच टाचण्या.

"हे काय?"

"परवा ब्राझीलला होते. आता जपान."

"कोण?"

त्यांनी टेपकडे बोट केलं. "म्हातारे झाले, तरी फिरतात. जातील तिथं मैदान भरतं."

"या वयात? घरचे काही म्हणत न्हाईत?"

"विचारलं नाही कधी."

मी बायकोला सांगितलं, हा माणूस हेर हाये. ती म्हणाली, "हेर असता तर जालन्यात काय करून राह्यला असता?" तेच शोधायला मी जास्तच नजर ठेवली.

मंग एका दुपारी दिगंबररावच काखेत टेप घेऊन आमच्याकडे आले.

"किसनराव, वीस गाड्यांच्या गलक्यात तुम्ही आपला हमाल आवाजावरून ओळखायचे म्हणतात. एक काम होतं."

खिशातून घडीवर विरलेलं पत्र काढून त्यांनी वाचलं. त्यांच्या मुलाचं, भिंतीपलीकडं वाढलेल्या शेखरचं. जहाजावर खानसामा म्हणून गेला तो गेलाच. 'दादा, ही कॅसेट भरली त्या मैदानात मी अगदी पुढं होतो. गाणं संपल्यावर तुम्हाला हाक मारली. ऐका.' त्यानंतर पत्र न्हाई. अकरा वर्षं.

"ते जातील तिथं हाही जात असेल, म्हणून टाचण्या," ते म्हणाले. "हाक मला सापडलीय. पण बापाच्या कानाचं काय खरं? तुम्ही बिलकुल खरं सांगा."

गाणं संपलं. लोक आले. सवयीनं आरोळ्या मोजल्या. शेखर सोडा, बाई का बाप्या तेही कळंना. पण मापाड्यानं कळलं न्हाई कसं म्हणायचं?

"सातवी," मी ठोकून दिलं. "सातवी आरोळी शेखरची."

दिगंबररावांचा चेहरा उतरला. "सातवी? मी तर अकरा वर्षं आठवी धरून बसलोय."

"परत लावा."

डोळे मिटून बोटांवर मोजलं. लाभ, दोन, तीन. सगळा तोच कल्ला.

"आठवीच हाये," मी म्हणालो. "मोजणी माझी चुकली."

त्यांनी कॅसेट मागं फिरवून परत लावली. बायको चहा घेऊन आली, काहीतरी विचारणार होती. या बारीला बोट मीच वर केलं.

"थांब. लोक येऊन राह्यलेत."