आधी जागा सांगा!

वाघमारे मॅडमना जेवायला बोलवायचं, तर आपल्या ताटावरचा हक्क सोडायची तयारी लागते. माझ्या पोरीच्या साखरपुड्यात त्यांनी माझ्याच ताटातल्या पोळीची पेशी केली, तिच्यावर भात पसरून पेशीच्या आतली जाळी केली आणि कोशिंबिरीतला शेंगदाणा चिमटीत धरून विचारलं, "हा डेंग्यूचा विषाणू. बोला सर, पेशीत कुठं तयार हुईल?"

"कुठंबी," मी म्हणालो. मी इतिहास शिकवतो.

"कुठंबी कावून? आधी जागा सांगा!"

व्याही बघतच राहिले. भजी निवली. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. विषाणूच्या आवरणातल्या प्रोटीनवर एक बारीकशी खूण असते. त्या खुणेमुळं ते पेशीत ठराविक ठिकाणी थांबतं, आणि जिथं ते थांबतं तिथंच नवा विषाणू जुळतो. डेंग्यूचा त्या आतल्या जाळीत, तर काहींचा थेट पेशीच्या कडेला.

आमच्या तेलगावच्या कॉलेजात मॅडम जीवशास्त्र शिकवतात. पेन्शन तोंडावर आली तेव्हा त्यांनी पीएचडीला नाव घातलं. स्टाफरूममध्ये हसाहशी झाली. मॅडम मात्र सुट्टी लागली की विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. येता-जाता एसटीत कुणी "सरका की मॅडम" म्हणालं, तर ह्या विचारणार, "कुठं? आधी जागा सांगा!"

शेवटच्या तोंडी परीक्षेला मी सोबत गेलतो. मॅडमनी पडद्यावर पेशीचा फोटो लावला. त्यांनी त्या प्रोटीनवरची खूण बदलली होती, आणि एरवी आत थांबणारं ते प्रोटीन पेशीच्या कडेला हिरवंगार चमकत होतं. विषाणू जुळलेच नव्हते.

बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत रेलले. "प्रोटीन जास्त झालं असेल, म्हणून सांडलं कडेला. खुणेचा काय संबंध?"

मॅडमनी शांतपणे पुढचा फोटो लावला.

"सर, हे वेगळंच प्रोटीन हाय. कायम कडेला जाणारं. ह्याला मी डेंग्यूची खूण जोडली. आता तुमीच जागा सांगा."

परीक्षक उठून पडद्याजवळ गेले. हिरवा रंग आतल्या जाळीत मुक्कामाला होता. कडा काळ्याभोर.

"आत," ते म्हणाले, आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली.

तेलगावला उतरलो तर पोरांनी हलगी आणलेली. "वाघमारे मॅडमचा..." कुणी ओरडलं, आणि "विजय असो!" भर चौकात उठलं. स्टाफरूममध्ये हसलेले सगळे पेढे घेऊन हजर. मॅडम आधी "नको रे" म्हणाल्या, मग पर्स माझ्याकडं दिली आणि अशा नाचल्या, की हलगीवाला दमला.

त्यांना घरी सोडायला गेलो. ओट्यावर त्यांचे वडील बसले होते. जुने शाळामास्तर, आता कुणालाच ओळखत नाहीत, लेकीलाही नाही. मॅडम त्यांच्यापाशी टेकल्या, पेढा भरवला.

"कशाचा हो बाई?"

"मी डॉक्टर झाले."

म्हातारा केवढा खुलला! "शाब्बास! वडील हायत का तुमचे?"

"हायत."

"मग हितं काय बसलात? जा, त्यांना सांगा. लई खुश हुतील."

"झाले की," मॅडम म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं त्यांच्या ओठावरचा पेढा पुसू लागल्या.