विजेच्या गिरमिटाची आणि थोरल्या माशाची हकीकत

श्रीजळदेवीचे चरणी मस्तक ठेवून, हिवाने आखडली बोटे शेकोटीवर शेकून लिहिली हकीकत ऐसी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौषमासी उत्तरेकडील एका राज्याचे थोरले तळे हातभर गोठले, आणि सरदार जानराव यांस आनंदाचे भरते आले. कारण त्या राज्याची रीत ऐसी की, बर्फास छिद्र पाडून हंगामाचा पहिला मासा निघेल तो देवीचा नैवेद्य. आणि ज्याचे हत्याराने माशास वाट जाहली त्याचाच मान, गळ कोणाचाही असो. हा मान सालोसाल सरदारांचे बहिणीचे यजमान खेमराव नेत. दाजी अंगाने पैलवान, हातगिरमिट ताकातील रवीसारखे फिरवीत, आणि मान घेऊन वर सासुरवाडीस जेवावयास येऊन मिशीस पीळ देत. हे जानरावांस फार झोंबे.

मग सरदारांनी सदर भरवून दुकानदार शिवलाल यास गिरमिटांसह बोलाविले. हातगिरमिट पाहताच म्हणाले, "हे दूर ठेव, गेल्या साली फिरवले तो माझा खांदा अजून ठणकतो." मग पेट्रोलचे सुरू केले, तो धूर आणि गर्जना ऐसी की सदर खोकत उठली. मग विजेचे आणिले आणि कळ दाबताच ते मधमाशीसारखे गुणगुणले, आणि सरदार गादीवरून उडालेच. "हेच! दुसरे दाखवूच नको!" शिवलाल अदबीने बोलिला, "सरकार, पाते कोणते द्यावे? अरुंद झपकन उतरते, रुंद बॅटरी फार खाते." सरदारांचे कुटुंब सगुणाबाई शेजारीच होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, भोकातून मासा वर यायचाय, नुसती दोरी नव्हे. रुंद घ्या." "आधी पाणी तर लागू दे! दाजींच्या आधी लागू दे!" ऐसे म्हणोन सरदारांनी अरुंद पाते घेतले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो प्रकार जाहला.

नेमल्या दिवशी नगारा वाजला. थंडीने बॅटरी बसते म्हणोन सरदारांनी ती बंडीत पोटाशी धरून नेली, आणि इशारत होताच लावून कळ दाबिली, आणि बर्फाचा भुगा उडाला, आणि दाजी बाह्या सारतात तोवर पाणी लागले! सरदारांनी गळ सोडिला, आणि दोरी ताणली, आणि ओढता ओढता छिद्रातून माशाचे तोंड वर आले आणि तेथेच अडकले. डोके केवढे, तर भरल्या तांब्याएवढे! "धरा! सगुणा, धर!" सगुणाबाई बर्फावर पालथ्या पडल्या आणि दोरी मनगटास गुंडाळून बोलिल्या, "मी सांगत होते!" सरदारांनी शेजारी दुसरे छिद्र पाडावयास घेतले, तो अर्ध्यात बॅटरी संपली. दुसरी आणिली नव्हती. मासा हिसके देई, दोरी करकरू लागली, आणि दाजी पहार खांद्यावर घेऊन उभे. त्यांस हाक मारावी तर मान जातो, न मारावी तर मासा जातो. सरदारांनी एकवार माशाचे डोळ्यांत पाहिले आणि कोकलले, "दाजी, पहार घाला! लवकर हो!" दाजींनी घाव घातले, बर्फ फुटले, आणि तिघांनी मिळोन मासा वर घेतला तो बर्फावर ऐसा आपटला की दाजींची पगडी उडाली. सरदार खांद्याचे दुखणे विसरून नाचू लागले.

परतताना दाजी म्हणाले, "मेहुणे, मान आमचा झाला बरं का." जानराव म्हणाले, "घ्या हो घ्या! पण त्याचं डोकं पाहिलंत का तुम्ही?"

सारांश, मान दाजींचे घरी गेला, आणि सरदार गावोगाव हात पसरून माशाची लांबी दाखवीत आहेत. ती अद्याप वाढत आहे. जाहले ते लिहिले, इति.