फरक राहतोच

आमच्या शेजारचे नाना बिस्किट मोजून खातात. मोजून म्हणजे दोन-तीन असं नव्हे. खिशातून व्हर्नियर काढून, जाडी मोजून. पहिल्यांदा चहाला आले तेव्हा एकाच पुड्यातली पाच बिस्किटं त्यांनी मोजली. पाचही कमी-जास्त भरली आणि माझी बायको ओशाळली, जणू तिनेच ती भाजली होती. नाना मात्र खूश. "फरक राहतोच भो," म्हणाले आणि पाचही खाल्ली.

जळगावच्या एका पाइप कारखान्यात, तपासणी खात्यात, त्यांची नोकरी झाली. मी घरी बसून, कारखान्यांत मालाचा दर्जा तपासणाऱ्या एका सॉफ्टवेअरची मदतपानं मराठीत लिहितो. कोणतं फंक्शन काय करतं, त्याला कोणते आकडे द्यायचे, उत्तर कसं वाचायचं, असलं सगळं. हे कळल्यापासून नाना रोज दहाला हजर. पान वाचायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचं, "हे तुला कळलं. मशीनवरच्या माणसाला कळीन का?"

माझं डोकं फिरायचं. 'नमुन्याचा आकार' असं मी लिहिलं, तर लोक पाइपचा तुकडा किती लांब ते भरतील, म्हणाले. तिथे 'एका वेळी किती पाइप मोजले' असं लिहायला लावलं. त्यांचंच बरोबर होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

आलेख काढणाऱ्या फंक्शनवरून मात्र आमचं चांगलंच वाजलं. आलेखावर वर-खाली दोन रेषा असतात आणि मधे मोजमापांचे ठिपके; रेषांच्या आतला फरक नेहमीचाच, तो बिघाड नव्हे. नानांना पानावर एक ओळ हवी होती: 'ठिपके रेषांच्या आत नीट विखुरलेले असतील, तर मशीनला हात लावू नये आणि माणसाला बोलू नये.' मशीनचं ठीक आहे, मी म्हणालो, पण माणसाचं सॉफ्टवेअरच्या पानावर काय काम? नाना अर्धा चहा टाकून उठले. तीन दिवस आलेच नाहीत, आणि मला दहा वाजले की करमेना.

चौथ्या दिवशी आले ते टोपी घालून. ते पान छापून घे, गाडी काढ, असोद्याला जायचंय, म्हणाले.

वाटेत मागे बसून त्यांनी सांगितलं. सुकदेव नावाचा माणूस त्यांच्या हाताखाली मशीनवर होता. पाइपची जाडी जराशी कमी-जास्त येते म्हणून नानांनी त्याला सगळ्यांसमोर कामचुकार म्हटलं. आठवड्याने तो काम सोडून शेतीत गेला. पुढे नाना हा आलेख काढायला शिकले आणि त्यांनी जुन्या वहीतले त्याचे आकडे मांडून पाहिले. सगळे ठिपके आत होते.

"तेव्हापासून त्याला तोंड दाखवलं नाही भो," नाना म्हणाले.

मी गाडी बाजूला घेतली आणि ती ओळ, पूर्ण, पेनाने पानावर लिहिली.

सुकदेवआबांच्या ओट्यावर नानांनी पान वाचलं. शेवटचे चार शब्द दोनदा वाचले. तुझ्या आकड्यांचा आलेख काढला, सगळे ठिपके आत होते, एवढंच पुढे म्हणाले. आबांनी पान हातात घेऊन पुन्हा सावकाश वाचलं आणि मला विचारलं, "हे सगळ्या कारखान्यांत जाईन का?"

मी हो म्हणालो.

"मंग राहू द्या ती ओळ," आबा म्हणाले. "नाना, बसा. इतक्या उन्हात काहाले आले?"

ती ओळ आज त्या पानावर आहे. माझ्या सगळ्या लिखाणात तीच एक खऱ्या उपयोगाची, आणि त्यासाठी मी नानांचे उपकार विसरणार नाही.

त्या दिवशी ओट्यावर आतून चहा आला, बिस्किटं आली. नानांनी एक उचललं आणि न मोजता खाल्लं.