पिवळ्या विमानाची दुरुस्ती

एका जंगलात, बाळांनो, एक विमान होतं. हसू नका. जंगलात समिती असते, सत्कार असतो, तर विमानानंच काय घोडं मारलंय?

तळ्यापलीकडच्या जंगलाशी लढाई झाली, तेव्हाचं ते. लढायचं नव्हे, शिकायचं. रंग पिवळाधमक. शिकाऊ येतोय हे लांबून दिसावं आणि बाकीच्यांनी बाजूला व्हावं, म्हणून. पुढे शिकाऊ बसायचा, मागे गुरुजी.

आता ते मोडकं विमान चौकात ठेवलं होतं. खाली दगडी पाटी: ‘हे विमान शिकाऊ तुळाजी भेकराने मोडले.’

तुळाजी म्हातारा झाला होता. पाटीची त्याला सवय झाली होती. पण त्याची नात रेवा उड्डाणशाळेत नाव घालायला गेली, तर मुख्याध्यापक रेडा म्हणाला, “विमानमोड्याची नात ना तू? जा, चर जा.”

रेवा दोन दिवस जेवली नाही. मग तुळाजी सगुणाबाई साळिंदरकडे गेला. बाई जुन्या वह्या उकरायच्या.

“बाई, मी त्या दिवशी विमानात नव्हतोच हो.”

“अहो, मग इतकी वर्षं गप्प का?”

“कुणी विचारलंच नाही.”

बाईंनी शोधलं. दवाखान्याच्या वहीत लिहिलं होतं: त्या दिवशी तुळाजी गालफुगीनं अंथरुणात. उड्डाणाच्या वहीत लिहिलं होतं: ‘मागे, गुरुजी मार्तंडराव तरस. पुढे, आंब्यांची करंडी. कारण, सासुरवाडीस तरसवाडीच्या पाटलांकडे आंबे पोचवणे.’

हेच मार्तंडराव आता राजाच्या दप्तराचे प्रमुख होते.

दरबार भरला. बाईंनी वह्या पुढे ठेवल्या. मार्तंडराव जराही डगमगले नाहीत.

“बाईंचं बरोबर आहे, महाराज. पाटी आणि वही जुळत नाहीत. दुरुस्ती झालीच पाहिजे. पाटी दगडाची, वही कागदाची. सोपं काय?”

“वही,” सिंह म्हणाला. राजा असून त्याला एवढं कळत होतं.

झालं. उड्डाणाच्या वहीत गुरुजी आणि करंडी खोडून तुळाजीचं नाव घातलं. गालफुगी एका हत्तीच्या नावावर चढवली. चूक शोधल्याबद्दल बाईंना शाल दिली. पाठीवर पडताच तिची चाळण झाली.

वहीतलं ‘कारण’ मात्र तसंच राहिलं. दुरुस्तीच्या हुकमात त्याचा उल्लेख नव्हता ना!

नाव घालायला दप्तराचा कागद लागतो, म्हणून दुरुस्त वहीची नक्कल घेऊन तुळाजी पुन्हा शाळेत विनवायला गेला. रेडा ती वाचत गेला आणि वाचता वाचता उभा राहिला.

“तरसवाडीचे पाटील तुमची सासुरवाडी? म्हणजे तुम्ही मार्तंडराव साहेबांचे साडू!”

भेकराची सासुरवाडी तरसांत कशी, हे रेड्याला सुचलं नाही. तुळाजीला सुचलं. पण त्यानं रेवाकडे पाहिलं.

“दप्तर सांगतंय, गुरुजी. मी खोटं कसं म्हणू?”

रेवाला त्याच तासाला पुढच्या खुर्चीत बसवलं.

मार्तंडराव चरफडले. पण वही खोटी म्हणावी, तर ती कालच त्यांनी खरी केलेली. शिवाय साहेबांच्या साडूची चौकात अशी बदनामी बरी दिसेना. संध्याकाळच्या आत पाटीवरचं ‘मोडले’ छिन्नीनं काढून तिथे कोरलं: ‘शौर्याने उतरवले.’

दगडसुद्धा सोपा निघाला.

तात्पर्य: इतिहासात चूक सापडली, तर खरं काय ते शोधण्यात आयुष्य घालवू नये. चूकच नीट वाचावी. तिच्यात आपला एखादा मोठा पाहुणा निघतो.